रेडिओ सुरू करायला गेलो आणि १,०३७ डॉलर घालवून बसलो

आधी आकडे सांगतो, म्हणजे "किती गेले हो?" असं कोणी विचारायला नको. २४.९९ डॉलर कार्डावरून, ४०० डॉलर गिफ्ट कार्डांत आणि ६१२.४० डॉलर आम्ही मोबाइलच्या रेंजबाहेर असताना त्याच कार्डावरून. एकूण १,०३७.३९ कॅनेडियन डॉलर. रुपयांत ६३ हजारांच्या आसपास. कशासाठी? गाडीतला रेडिओ लागावा म्हणून.

बनावट कस्टमर केअर हा काय प्रकार असतो ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. मी वीज कंपनीतून निवृत्त झालेला अभियंता आहे. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की त्याखाली "खोटं आहे, फोन करू नका" असं लिहिणारा मीच. त्यामुळे ग्रुपवर हे अजून सांगितलेलं नाही. आज हे वाचून कळेल त्यांना. कळू दे.

मुलगी-जावई कॅनडात एडमंटनला असतात. उन्हाळ्यात जावयांनी मोटरहोम भाड्याने घेतली आणि आम्हा दोघांना अलास्का हायवेने उत्तरेकडच्या युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला न्यायचं ठरवलं. १९४२ साली अमेरिकन सैन्याने युद्धाच्या घाईत काढलेला हा रस्ता. डॉसन क्रीकला शून्य मैलाचा खांब. फोर्ट नेल्सन सोडलं की वॉटसन लेकपर्यंत पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर नुसतं जंगल, डोंगर आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहणारे बायसन. मधल्या बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही, एफएमवर खरखर. गाडीत उपग्रह रेडिओ होता, पण त्याचं सदस्यत्व चालू नव्हतं. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही बघता का जरा?" एवढ्या दिवसांत त्या घरात मला कोणी काम म्हणून सांगितलं नव्हतं. मी उत्साहाने घेतलं.

आणि उपग्रह रेडिओ मला नवा नव्हता. पुण्यात आमच्याकडे वर्ल्डस्पेसचा संच होता. खिडकीत अँटेना नेमक्या कोनात बसवली की दिवसभर शास्त्रीय संगीत. ती सेवा २००९ च्या अखेरीस भारतात बंद झाली, पण अँटेनाचं तोंड उपग्रहाकडे लागतं ही अक्कल मला तेव्हापासूनची. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

फोर्ट नेल्सनच्या कॅम्पग्राउंडवर वायफाय मिळाला. तिथे कंपनीचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर आला तो फिरवला. ती जाहिरात होती. बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं म्हणे. असेल. पासष्टीच्या माणसाला उन्हात मोबाइलवर ते दिसतं का, हे लिहिणाऱ्यांनी एकदा करून बघावं. नंबर रेडिओच्या माहितीपुस्तिकेतून घ्यायचा किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून. शोधून काढायचा नाही.

पलीकडचा आधी इंग्रजीत बोलला. मग माझं इंग्रजी ऐकून, "अंकलजी, आप इंडिया से हो?" आठवडे झाले होते बाहेरच्या माणसाशी हिंदीत बोलून. मोकळा झालो, आहे हे असं आहे.

त्याने शून्य नंबरचं चॅनल लावायला सांगितलं. पडद्यावर रेडिओ आयडी आला, तो वाचून दाखवला. मग म्हणाला, आता एक नंबर लावा, मी इथून सिग्नल पाठवतो. लावला. आवाज आला! त्या क्षणी माझा विश्वास बसला आणि तिथेच मी संपलो. एक नंबरचं चॅनल नमुन्याचं असतं, सदस्यत्व नसलं तरी ते वाजतंच. त्याने काहीही पाठवलं नव्हतं. मी गाडीत बसलो तेव्हापासून ते वाजायला तयारच होतं, मी लावलं नव्हतं इतकंच. खात्री करायची असेल तर दुसरं कुठलंही चॅनल लावून बघा. मला तेवढंही सुचलं नाही.

२४.९९ डॉलर कार्डाने घेतले. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं मी दिलं. ओटीपी आलाच नाही. मला वाटलं, परदेशात नसेल लागत. खरंच लागत नाही बऱ्याच ठिकाणी, आणि तेच तर दुखणं आहे. परदेशी जाण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा अगदी कमी करून ठेवा. दुकानात कार्ड वापरायची मर्यादा वेगळी ठरवता येते.

मग त्याने विचारलं, कुठे चालला आहात? व्हाइटहॉर्स म्हटल्यावर आवाज गंभीर झाला. "अंकलजी, साठ डिग्री के ऊपर नॉर्मल सिग्नल नहीं आता. नॉर्थ बीम लेना पड़ेगा." त्यात म्हणे रस्ते बंद झाल्याच्या सूचना येतात आणि रेडिओचं एक बटण दाबलं की एसओएस जातो. पाच वर्षांचे ४०० डॉलर, परत आल्यावर निम्मे मिळणार.

इथे माझी लाज आहे. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्याच वेगाने फिरून आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसणारा, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. जितकं उत्तरेला जाल तितका तो दक्षिण क्षितिजाकडे उतरतो. व्हाइटहॉर्सला तो इतका खाली दिसतो की दक्षिणेला एखादा डोंगर आला की आवाज गेला. ४०० डॉलर भरले म्हणून कोणी उपग्रह वर सरकवत नाही. आणि एसओएस? रेडिओ नुसता ऐकतो. त्यात पाठवायचं यंत्रच नसतं, तर कसलं बटण दाबणार? नोकरीत असताना कोणी कनिष्ठ अभियंत्याने माझ्यासमोर असलं काही मांडलं असतं तर त्याला केबिनबाहेर काढला असता. पण शेजारच्या मोटरहोमवाल्याने आदल्याच संध्याकाळी मधे रस्त्यात टायर फुटून कोणी तासन्‌तास अडकल्याची गोष्ट सांगितली होती, मागे तीन वर्षांची नात झोपली होती आणि एसओएस हा शब्द कानात शिरला. त्यापुढे माझं शिक्षण चाललं नाही.

कार्ड "सॅटेलाइट पार्टनर" घेत नाही म्हणून २०० डॉलरची दोन गिफ्ट कार्डं आणायला सांगितली. फोन चालूच ठेवून खिशात टाकून मी दुकानात गेलो. गल्ल्यापाशी सूचना चिकटवलेली होती, आणि गल्ल्यावरच्या बाईंनी कार्डं हातात घेऊन स्पष्ट विचारलं, "फोनवर कोणी घ्यायला सांगितली का?" उत्तर मला आधीच पढवून ठेवलेलं होतं. मी म्हणालो, नातवासाठी आहेत. मला नातू नाहीच. पूर्ण प्रवासात मला वाचवायला निघालेली ती एकच व्यक्ती, आणि तिच्याशी मी खोटं बोललो. दुकानदाराला काय सांगायचं हे जो शिकवतो तो चोर असतो. कोणतीही खरी कंपनी फोनवरून गिफ्ट कार्डांचे नंबर मागून पैसे घेत नाही, हेही लिहून ठेवतो. अर्थात हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाहेर येऊन कार्डं खरवडली, नंबर वाचले, फोन बंद.

दुसऱ्या दिवशी रेडिओ मुका. मला वाटलं, डोंगर आडवे येत असतील. तीन दिवसांनी रेंज आली तेव्हा मेसेज धडाधड पडले. कार्डावरून २८९.२० आणि ३२३.२० डॉलर गेलेले.

आता यंत्रणा. वाटेत एका गावात पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या तरुणाने सहानुभूतीने ऐकलं आणि वेबसाइटचा पत्ता छापलेला कागद हातात दिला. मी म्हटलं, दुकानात कॅमेरा आहे, पावती आहे, कार्डांचे नंबर आहेत. तो म्हणाला, ऑनलाइन भरा. भरलं. पोच आली, पुढे काही नाही. गिफ्ट कार्डवाल्यांना फोन केला, ते म्हणाले, कार्ड वापरलं गेलंय, दुकानाशी बोला. दुकान म्हणालं, कार्डवाल्यांशी बोला. माझ्या बँकेला रोमिंगवर फोन लावला, पाऊण तास संगीत ऐकलं. (रेडिओ हवाच होता, मिळाला.) शेवटी एक मुलगी आली, कार्ड बंद केलं आणि म्हणाली, शाखेत येऊन अर्ज द्या. शाखा पुण्यात, मी युकॉनमध्ये! ईमेल चालेल का? चालेल, पण सहीचा अर्ज लागेल. परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो तर, "गुन्हा कॅनडात झाला, तिकडेच नोंदवा." तिकडच्यांचं म्हणणं, कार्ड भारतातलं, भारतात नोंदवा. दोन देश आणि चार कार्यालयं मिळून एक कागद पुढे सरकवायला तयार नाहीत. चोराने मात्र दोन देशांचं काम एका फोनवर केलं. "झिरो एफआयआर" (हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) म्हटलं तर हवालदाराने असं पाहिलं की जणू मीच काही लपवतोय. शिकलेल्या माणसाला हे सगळे एकच वाक्य ऐकवतात, "तुम्ही असं कसं केलंत?" माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

भारतात असाल तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, शाखेची वाट पाहू नका. गिफ्ट कार्डाची पावती आणि खरवडलेलं कार्ड फेकू नका, मुलीने सांगितलं म्हणून माझं वाचलं. चोरांशी पुन्हा बोलू नका. मला नंतर "रिफंड विभागातून" फोन आला होता. आवाज वेगळा, "अंकलजी" तेच.

खरोखर रेंजबाहेर जाणार असाल तर गाणी आणि नकाशे आधी उतरवून घ्या. मदत मागायची सोय हवी तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र तिकडे भाड्याने मिळतं. जावयांनी परतीसाठी ते घेतलं. पण ते घेऊन भारतात उतरू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असली यंत्रं चालत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना याच कारणावरून अडवलं होतं.

बँकेचं उत्तर आलं. "ग्राहकाने तपशील स्वतः दिल्याने" जबाबदारी माझी. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आलेले रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून ठेवा, त्यांत कोणाची जबाबदारी किती आणि किती कामकाजाच्या दिवसांत कळवायचं ते आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं कलमही त्यांतच आहे, बँकेने नेमकं तेवढंच उचललं. बँकेशी भांडून झाल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. २४.९९ मी मागितलेले नाहीत, गिफ्ट कार्डांचे ४०० ही नाहीत, ते मी माझ्या हाताने दिले. ६१२.४० मागितले आहेत. त्या दोन व्यवहारांच्या वेळा स्टेटमेंटवर आहेत. त्या वेळी मी लिअर्डच्या गरम पाण्याच्या कुंडात होतो आणि फोन गाडीत, रेंजशिवाय पडलेला होता. तिथल्या प्रवेशाची पावती अर्जाला जोडली आहे.