गाडीच्या दाराचा पत्रा बदलला म्हणून ३१,५०० घेतले, आत निघाला पेपरचा बोळा

आधी आकडे सांगतो. टिंकरने, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून नीट करणाऱ्याने, ॲडव्हान्स घेतला १५,०००, मधेच "कलर महागला ओ काका" म्हणून ३,०००, गाडी नेताना १३,५००. झाले ३१,५००. आणि आता तेच दार दुसऱ्याकडे फोडून परत करून घ्यायला १९,८०० गेले ते वेगळेच.

गाडी २००६ची मारुती ८००, केए-२२ पासिंग. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी नेऊन दाखवावी लागते, म्हणून बॉडीचं काम काढलं. आपल्या बेळगावच्या पावसात जुन्या गाडीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, दाराची खालची कडा आणि त्याखालचं रनिंग बोर्ड दोन्ही पोखरलेलं, आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की बोटभर खाली बसायचं, उचलूनच लावायला लागायचं. ठरलं काय होतं, तर दोन्ही बिजागऱ्या नवीन, कुजलेला पत्रा कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने, आतून गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड, मग कलर. एस्टिमेट साध्या कागदावर, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. आता कोणी म्हणेल बिल का नाही मागितलं. अहो, आपल्याकडे कुठला टिंकर बिल देतो? मागितलं तर "मग १८ टक्के वर द्या" म्हणतात.

आता खरी जळजळ. मी बजावून सांगितलेलं की लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, लावायच्या आधी मला उघडा पत्रा बघायचाय. तर या टिंकरने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, "बघा काका, नवीन पत्रा घालालोय". छान कापलेलं दार, चकचकीत पत्रा, वेल्डिंगचे ठिपके. आणि त्याच दारात आत पॉवर विंडोची मोटर! माझ्या गाडीत काच हाताने फिरवायची आहे, मोटर येणार कुठून? फोटो भावाच्या मुलीच्या साखरपुड्यात आला, निपाणीत, एका हातात जेवणाचं ताट, मोबाईलची स्क्रीन आधीच तडकलेली, त्यात कोण मोटर शोधत बसणार. मी 'ठीक आहे'चा अंगठा पाठवून मोकळा. तो अंगठा अजून चॅटमध्ये तसाच आहे, बघितला की डोकं फिरतं.

गाडी आली तेव्हा दार खटकन लागलं, एकदम गोड आवाज. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि कडेला फोड आले, मग भेग, आणि दार उघडझाप केलं की आत पाणी डुचमळायचं. उद्यमबागच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने फडक्यात गुंडाळून लोहचुंबक फिरवला, वरती चिकटला, खाली वीतभर पट्ट्यात सटासट घसरला. फोडलं तर कुजलेला पत्रा जागच्या जागी, त्यावर फायबरचं कापड, मागे कन्नड पेपरचा बोळा, वर जाड लांबी, आणि दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात तीही लांबीने बुजवलेली. म्हणजे आधीपेक्षा जास्त कुजणार! बिजागऱ्या जुन्याच, नुसतं ग्रीस चोपडलेलं. मग दार लागायचं कसं? खांबावर जो स्ट्रायकर असतो, ज्यात लॉक अडकतं, तो खाली सरकवलेला. त्याचा जुना ठसा वरती रंगात स्पष्ट दिसत होता.

म्हणून सांगतो, दार नुसतं लावून बघू नका. अर्धं उघडा, टोकाला धरून वर उचला, हललं तर बिजागरी गेलेलीच आहे. जुने पार्ट परत मागा, कापलेला पत्रासुद्धा.

पोलीस ठाण्याचं तर विचारूच नका. "साहेब इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. नाळे गेलो तर अर्ज कन्नडात पाहिजे. बाहेर एकाने १५० घेऊन लिहून दिला, तर आतला वाचून म्हणतो "बिल इद्या?" म्हणजे बिल आहे का? नाही म्हटलं तर हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जावा. आणि वर मलाच थोडं सांभाळून घ्यायचा सल्ला, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. ३१,५०० अ‍ॅडजस्ट माडी! यांच्या खिशातनं गेले असते तर केलं असतं का? मराठीत बोललो की कपाळाला आठ्या, कन्नडात बोललो की माझ्या कन्नडावर हसतात, आणि चोर तिथेच चौकात दुकान उघडून बसलाय, सगळ्यांना माहीत.

शेवटी ग्राहक आयोगाची वाट धरलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आधी विचारायचं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. ॲडव्हान्स फोनपेवर दिलेलं म्हणून निदान १५,००० चा पुरावा आहे, बाकी रोख, ते गेल्यातच जमा. रोख देऊ नका रे बाबांनो, काका म्हणून कितीही गोड बोलला तरी. मिस्त्रीने फोडतानाचा व्हिडिओ काढून ठेवलाय, बोळ्यासकट.

रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली आणि लगेच त्याचा फोन. "काका, पाच हजार घ्या, मिटवून टाकूया की ओ." फोन ठेवला.