साठीनंतर गाणं रचायचं आणि घरीच रेकॉर्ड करायचं: मोबाइल, यूएसबी माइक, इंटरफेस की स्टुडिओ?

निपाणीच्या धाकट्या दिरांचा गेल्या आठवड्यात फोन आला. “वहिनी, पंधरा हजार बाजूला काढलेत. माइक कुठला घेऊ सांगा.” तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. गळा भजनाचा, पेटीही चांगली वाजवतात. मी विचारलं, “गाणी किती झाली?” तर दोन, आणि तीही अर्धी.

मी खानापूर तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी गाणी रचायला लागले. गेल्या सहा वर्षांत मोबाइल, यूएसबी माइक, इंटरफेस आणि भाड्याचा स्टुडिओ असं सगळं वापरून झालं. दिरांना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी गाण्याचा साचा

अभंग घ्यावा की भावगीत? सुरुवातीला अभंग, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या अभंगात ६, ६, ६ आणि ४ अशी २२ अक्षरं असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. माझी पहिली रचना अशी होती:

मलप्रभेकाठी / भिजले हे रान / आईचे ते गान / आठवते

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, माझं माहेर त्याच बाजूचं. आपल्या वयाच्या माणसांचा कान या मापाला लहानपणापासून सरावलेला असतो. एक अक्षर जास्त झालं, तर बोटांवर मोजायच्या आधीच जीभ अडखळते. भावगीतात मोकळीक जास्त, पण अंतऱ्याची चाल वेगळी बांधून तिला पुन्हा ध्रुवपदावर आणून सोडायचं काम नवख्याला जड जातं. मुक्तछंद तर मी अजून दूरच ठेवला आहे.

आईच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानात आहेत, त्यांनी मात्र थेट तिथूनच सुरुवात करावी. गायक कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीचा, १९२४ सालचा. पुढे माळव्यात राहून त्यांनी तिथली लोकगीतं जीव लावून ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग बांधले. आपल्या घरातल्या ओवीकडे तितक्याच आदराने बघायला हवं. आणि शब्द आपल्याच तोंडचे ठेवावेत. ‘काय करालास’ असं आपल्या बेळगावकडच्या बोलीतलं गाण्यात आलं तर ते पुण्याच्या वळणावर नेऊ नका.

मोबाइल

पहिली दहा गाणी होईपर्यंत मोबाइल पुरे. चाल सुचते ती कणीक मळताना, आणि तेव्हा हाताशी असतो तो फोनच. विमान मोड चालू करा, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करणारं ॲप घ्या, आणि फोन पेटीवर न ठेवता समोर दोन हात अंतरावर ठेवा. पेटीवर ठेवला तर भात्याचा खडखडाट आवाजापेक्षा मोठा येतो. फोनची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही वरच्या सुरात गेलात की तो आपोआप आवाज दाबतो आणि हळू गायलात की उचलतो. त्यामुळे गाण्यातला चढ-उतार सपाट होतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आवाज आणखी दाबला जातो.

यूएसबी माइक

साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो, लॅपटॉपला सरळ जोडला जातो. फक्त गळा असेल, किंवा कविता वाचायची असेल, तर हाच घ्या. पण पेटी आणि गळा वेगवेगळे ध्वनिमुद्रित करायचे असतील तर इथे अडतं, कारण एका लॅपटॉपवर असे दोन माइक एकत्र चालवणं कटकटीचं असतं.

इंटरफेस आणि माइक

इंटरफेस म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जोडायचा छोटा डबा. इथे जरा थांबून सांगते, कारण माझे पैसे इथेच चुकले. दुकानात मला कंडेन्सर माइक दिला. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (इंटरफेसमधून माइकच्या तारेतूनच मिळणारी वीज) लागतो आणि तो फार संवेदनशील असतो. बंद, गाद्या लावलेल्या खोलीत तो अप्रतिम. माझ्या कौलारू घरात त्याने शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, कावळे आणि टीव्हीवरची मालिका सगळं गोळा केलं. आपल्याकडच्या घरांना डायनॅमिक माइक बरा. तो जवळचं उचलतो, लांबचं बरंचसं सोडतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेलाही जास्त टिकतो. तोंडापासून एका विताच्या आत धरावा, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. रेकॉर्ड करताना मीटरवर आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

दोन माइकची सोय असलेलाच इंटरफेस घ्या, एक गळ्याला, एक पेटीला. फोकसराइटचं उदाहरण घ्यायचं तर स्कार्लेट सोलोमध्ये एकच माइक लागतो, टू-आय-टूमध्ये दोन. दोन्ही आवाज एकाच बैठकीत पण वेगळ्या पट्टीवर (ट्रॅकवर) येतात आणि नंतर कमी-जास्त करता येतात. आधी पेटी आणि मग हेडफोन लावून गाणं, ही पद्धत तरुणांना जमते. मला जमली नाही. स्वतःचा आवाज कानात क्षणभर उशिरा आला की लय हलते. त्यासाठी इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं, ते चालू केलं की उशीर जातो. पेटीवाल्यांनी मात्र एकत्रच गावं, लय जिवंत राहते.

सॉफ्टवेअरवर खर्च नको. ऑडॅसिटी फुकट आहे, दोन पट्ट्यांच्या गाण्याला पुरते.

स्टुडिओ

स्टुडिओत आवाज स्वच्छ येतो, यात वाद नाही. पण तासावर पैसे मोजताना श्वास आखडतो, आणि साठीत श्वास आधीच तोकडा झालेला असतो. मी गेले होते तिथे मुलाने मला न विचारता माझा आवाज ‘सरळ’ केला. ते सॉफ्टवेअर प्रत्येक सूर जवळच्या ठरावीक स्वरावर ओढतं, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मोडते. माझ्या ओवीतला तो हेलकावाच गेला. स्टुडिओत गेलात तर आधीच सांगा, की सुराला हात लावायचा नाही. चालीवर महिनाभर गळा बसल्याशिवाय जाऊ नका.

घर आणि हंगाम

खानापूर-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस असा वाजतो की माइक कुठलाही असो, काही चालत नाही. ते महिने शब्द रचण्याचे. निपाणी-चिकोडीकडे गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात, तिथे पहाटे चारच्या आसपास थोडी शांतता मिळते. वाकळ दोरीवर टाकून पाठीमागे लावा, साड्यांचं कपाट उघडून त्यासमोर गा. खोलीचा घुमारा बराच उतरतो. घरातल्या अर्थिंगमुळे गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

पट्टीही उतरवा. मी काळी चारवर (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गायचे, आता काळी दोनवर गाते. गळा मोकळा राहतो. वयानुसार कानाला बारीक, वरचे आवाज कमी येतात, म्हणून स्वतःच्या कानाच्या भरवशावर तिखटपणा वाढवू नका. मी नातीला ऐकवते. ती ‘स टोचतोय’ म्हणाली की उतरवते.

दिरांना मी सांगितलं, की पंधरा हजार बँकेतच राहू द्या. दिवाळीपर्यंत मोबाइलवर दहा अभंग पुरे करा. पेटीसकट गायचं ठरलं तर दोन माइकचा इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक घेऊ, दुसरा माझ्याकडचा पडून असलेला कंडेन्सर पेटीसाठी देते. नुसतं गायचं असेल तर यूएसबी माइक आणि उरलेल्या पैशांत चांगले हेडफोन. परवा त्यांनी तिसऱ्या अभंगाचं कडवं पाठवलं. चौथ्या चरणात पाच अक्षरं झाली होती, ती त्यांनीच दुसऱ्या दिवशी ओळखली.