'द एक्स्पान्स' आठ महिने पाहिल्यावर: पुढची विज्ञानमालिका कशी निवडली

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा सुरू केलेली 'द एक्स्पान्स' जानेवारीच्या शेवटी संपली. शनिवारी एक भाग, रविवारी एक, मध्ये चवथीची सुट्टी, असे सहा सीझनचे ६२ भाग झाले. पाहणारी माणसं तीन: मी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पंचाहत्तरीतली आई. घर गोव्यात, खाणींच्या डिचोली तालुक्यात. हे मुद्दाम सांगते, कारण ही मालिका आम्हाला एवढी का लागली ते त्याशिवाय कळणार नाही.

मे महिन्यात आम्ही दोन मालिका चाखून ठेवून दिल्या होत्या. 'डार्क' ही जर्मन मालिका फार बारकाईने विणलेली आहे. २०१७ ते २०२० मध्ये तिचे २६ भाग आले आणि ती आपल्या ठरल्या जागी संपते. पण १९५३, १९८६ आणि २०१९ अशा तीन काळांतली तीच माणसं ओळखायची तर वही घेऊन बसावं लागतं. सबटायटल्स आईला मराठीत सांगता सांगता माझंच बोट सुटायचं. ती मी एकटीने कधीतरी पूर्ण करणार आहे. 'फायरफ्लाय' मुलीला आवडली, पण २००२ साली ती १४ भागांवरच थांबली. जत्रेतल्या नाटकाचा पडदा दुसऱ्या अंकातच पडावा तसं झालं. तेव्हापासून संपलेली मालिकाच घ्यायची, हा आमचा पहिला नियम.

'एक्स्पान्स'चे पहिले तीन भाग जड जातात. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांचा पट्टा अशा तीन ठिकाणची माणसं एकदम अंगावर येतात, नावं लक्षात राहत नाहीत. चौथ्या भागात मंगळाच्या युद्धनौकेवर हल्ला होतो, भिंतीला भोक पडतं आणि हवा बाहेर जायला लागते. ते भोक हाताला येईल त्या वस्तूने बुजवणारी माणसं पाहिली आणि आम्ही तिघी सरळ होऊन बसलो. म्हणून चौथा भाग पाहिल्याशिवाय सोडू नका.

पुढचे महिने आम्हाला धरून ठेवलं ते पाण्याने. पहिल्याच भागात शनीच्या कड्यांतून बर्फ वाहून आणणारं जहाज येतं. तो बर्फ सीरीस नावाच्या लघुग्रहावर जातो, कारण तिथे राहणाऱ्या खाणकामगारांना पाणी मोजून मिळतं. खनिज काढायचं त्यांनी, ते जायचं पृथ्वीला आणि मंगळाला, आणि पाण्या-हवेसाठी हात पसरायचे पुन्हा त्यांनीच. हे पाहताना आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याकडे टँकर यायचा तसंच." आमच्या वाड्यावरच्या विहिरी खाणीचा खड्डा खोल गेला तशा आटत गेल्या. लोहखनिज टिपरांतून धक्क्यावर आणि तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला जायचं, घरात लाल धूळ राहायची. बाबांचा टिपर त्याच कामावर होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो अंगणात उभा राहिला आणि हप्ते चालूच राहिले. पट्ट्यातल्या माणसांचा राग आणि त्याच खाणीवर चालणारं त्यांचं पोट, या दोन्ही गोष्टी मालिका एकाच वेळी दाखवते. म्हणून मला ती खरी वाटते.

भाषेचंही तसंच. पट्ट्यातल्या लोकांची बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने अनेक भाषांच्या मिश्रणातून घडवली आहे. 'बेल्टालोडा' म्हणजे आपण पट्ट्यातले. कोकणी, मराठी आणि 'जनेल', 'मेज' असे पोर्तुगीज शब्द एकाच वाक्यात ऐकणाऱ्या आमच्या कानांना ती परकी वाटलीच नाही. बोलताना ही माणसं हात मोठे हलवतात, कारण अवकाशपोशाखात चेहरा नीट दिसत नाही.

विज्ञानाची शिस्तही मनापासून पाळली आहे. जहाज वेग वाढवत असेल तेव्हाच माणसांना वजन असतं. अर्ध्या वाटेवर जहाज उलटं फिरवून वेग कमी करतात. निरोपाला पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे दूरच्या माणसाशी गप्पा होत नाहीत, निरोपच पाठवावे लागतात. माझा भाचा बोटीवर आहे. त्याचे मेसेज दोन-दोन दिवसांनी एकदम येतात, तेव्हा मुलगी म्हणते, "दादा सीरीसला पोचला."

आईची आवडती अव्हासराला, मालिकेतली पृथ्वीची राजकारणी. साडी, जड दागिने आणि राज्य चालवणारं तिखट तोंड. इराणमध्ये जन्मलेल्या शोहरे आगदाश्लू यांनी तिला घोगऱ्या आवाजात असं उभं केलंय की ती खोलीत आली की बाकीचे लहान होतात. तिच्या शिव्यांचा अनुवाद मात्र मी केला नाही.

उणिवा आहेत. चौथा सीझन एकाच ग्रहावर रेंगाळतो. शेवटच्या सीझनला सहाच भाग मिळाले आणि त्यात सुरू केलेला एक धागा तसाच लोंबकळत राहतो, कारण मूळ नऊ कादंबऱ्यांतल्या शेवटच्या तीन पडद्यावर आल्याच नाहीत. २०१८ मध्ये तिसऱ्या सीझननंतर वाहिनीने मालिका बंद केली होती. प्रेक्षकांनी विमानामागे फलक लावून तो अॅमेझॉन स्टुडिओजभोवती फिरवला, आणि अॅमेझॉनने मालिका पुढे चालू ठेवली. त्या लोकांची मी ऋणी आहे.

आता पुढे काय? मुलीचं मत 'फॉर ऑल मॅनकाइंड'ला होतं. तीत चंद्रावर पहिला माणूस सोव्हिएत संघाचा उतरतो आणि पुढे चंद्रावरच्या बर्फापाशी तळ उभा राहतो. चांद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याच्या खुणा टिपल्या, हे शाळेत शिकलेल्या मुलीला ती हवीशी वाटणारच. पण ती अजून संपलेली नव्हती, म्हणून २००४ ते २००९ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' लावली. भाच्याने डिस्कचा संच आणून ठेवला होता. आधी २००३ ची प्रास्ताविक मालिका पाहा, नाहीतर काही कळणार नाही. मग पहिला भाग '३३': शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो, कोणी झोपलेलं नाही, आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला. तो आकडा पाहून मी ओळखलं, ही आपली मालिका.

भाग संपल्यावर आईने विचारलं, "एवढी माणसं घेऊन पळतायत, ह्यांना पाणी कुठून मिळतं गो?"

मुलीने पुढच्या भागाचं नाव वाचलं. 'वॉटर'. त्यात गॅलॅक्टिका या जहाजाच्या पाण्याच्या टाक्या फुटतात. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि शनिवारी एकच भाग हा नियम होता. आई म्हणाली, "लाव."