समुद्रगरुडाचं घरटं पाहावं की सोनेरी गरुडाचं?

स्कॉटलंडच्या आइल ऑफ मल बेटावर दोन्ही गरुड पिल्लं वाढवतात. एकच दिवस हाताशी असेल, तर मी समुद्रगरुडच निवडेन. लॉखच्या, म्हणजे तिथल्या सरोवराच्या किंवा खाडीच्या, काठी उंच झाडावर काटक्यांचा भलामोठा ढीग रचलेला असतो. दुर्बिणीतून दिसतं, आई माशाचा एवढासा तुकडा तोडते, मान वाकडी करते आणि पिल्लाच्या चोचीत अलगद ठेवते. जवळजवळ अडीच मीटर पंखविस्तार, आणि चोच इतकी हळवी! १९१८ पर्यंत ब्रिटनमधून मारून संपवलेला हा पक्षी १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून परत वसवला. १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू उडालं.

सोनेरी गरुडाचं घरटं बहुधा कड्याच्या कपारीत. माणसाची चाहूल लागली तर तो अंडी टाकूनही जातो. त्याला लांबूनच, डोंगरावर घिरट्या घालताना पाहावं.