एक्सएफएस: पत्ता चुकलेला ब्लॉक ओळखणारी फाइल सिस्टीम

सांगलीतल्या एका छापखान्याचा सर्व्हर मी नऊ वर्षं सांभाळते आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची पानं, जाहिराती, सगळं एक्सएफएसवर, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे, कशा ठेवायच्या हे सांभाळणाऱ्या लिनक्सच्या एका व्यवस्थेवर. लग्नसराईत एका सकाळी ऑपरेटरचा फोन आला, "ताई, पत्रिकांचं फोल्डर उघडतच नाही."

फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही आज्ञा दिली, तर एवढंच उत्तर: स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग, म्हणजे रचना दुरुस्त करायला हवी. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मात्र सगळं होतं. कोणत्या तपासणीत अडकलं, डिस्कवरचा कितवा ब्लॉक (डिस्कचा ठरावीक तुकडा), शिवाय त्या ब्लॉकचे पहिले १२८ बाइट जसेच्या तसे. सुरुवातीला 'एक्सडीबी३', ही डिरेक्टरीच्या, म्हणजे फोल्डरमधली नावं ठेवणाऱ्या, ब्लॉकची खूण. ती बरोबर. चेकसम, म्हणजे माहिती बिघडली का हे ओळखायचा आकडा, तोही जुळत होता, नाहीतर संदेशात 'सीआरसी एरर' आलं असतं (सीआरसी हा चेकसमचाच प्रकार). पण खूण आणि चेकसम यांच्या आठ बाइटांनंतर ब्लॉक स्वतःचा पत्ता सांगतो, तो वेगळा निघाला. ब्लॉक अस्सल होता, पण दिवाळी अंकाच्या फोल्डरचा. अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डाने लिहिताना जागा चुकवली होती.

एक्सएफएसच्या व्हर्जन ४ च्या जुन्या मांडणीत डिरेक्टरीच्या ब्लॉकला चेकसमही नसतो आणि पत्ताही नसतो. तिथे पत्रिकांच्या फोल्डरमध्ये दिवाळीच्या फाइली दिसल्या असत्या आणि कुणीतरी त्या नको म्हणून उडवल्या असत्या! २०१३ साली लिनक्स ३.१० मध्ये आलेल्या व्हर्जन ५ ने आम्हाला यातून वाचवलं. ब्लॉक डिस्कवर लिहिण्याआधीही एक्सएफएस त्याची तपासणी करते. मेमरीत बिघडलेला आढळला तर फाइल सिस्टीमच बंद करते. भर कामात ते त्रासाचं होतं, तरी मला तेच हवं आहे.

एक गोष्ट मात्र एक्सएफएसला कळत नाही. दिवाळीच्या फोल्डरच्या मूळ जागी जुनाच ब्लॉक राहिला होता, चेकसम आणि पत्ता दोन्ही बरोबर. त्यामुळे शेवटच्या दोन फाइलींची नावं गायब असूनही कर्नल गप्प होता. डिस्क अनमाउंट करून, म्हणजे वापरातून काढून, एक्सएफएस रिपेअर हे दुरुस्तीचं साधन आधी 'एन' पर्याय देऊन, म्हणजे काही न बदलता, चालवलं तेव्हा त्या बेवारस फाइली सापडल्या. खरी दुरुस्ती झाल्यावर त्या आणि पत्रिकांच्या साठेक फाइली लॉस्ट अँड फाउंड या फोल्डरमध्ये आल्या, नावाऐवजी नुसते आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलींचे अंतर्गत क्रमांक, घेऊन. एकेक उघडून, बॅकअपशी ताडून नावं देण्यात दोन दिवस गेले. फाइलींच्या आतल्या मजकुराला एक्सएफएस चेकसम देत नाही, तेव्हा पानं शाबूत आहेत का हेही डोळ्यांनीच पाहिलं. ही उणीव मला खरंच खटकते.

तरी एक्सएफएसला माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

जुनं मशीन असेल तर एक्सएफएस इन्फो ही आज्ञा चालवून बघा. सीआरसीपुढे शून्य दिसलं तर ते व्हर्जन ४. कर्नलमधून त्याचा आधार सप्टेंबर २०३० मध्ये काढायचं ठरलं आहे आणि आहे त्या जागी ते बदलता येत नाही. बॅकअप घेऊन नव्याने फॉरमॅटच करावं लागतं. आमच्याकडे तशी एक डिस्क उरली आहे. गणपतीच्या सुट्टीत तिचा नंबर.