ककमिअर की ॲरन: साऊथ डाउन्सला एकच रविवार असेल तर कुठला वॉक करायचा?

लंडनहून सकाळी निघून रात्री परत येता येईल, गाडी लागणार नाही आणि साऊथ डाउन्सच्या म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्या, नदी, जुनी गावं सगळं बघून होईल असा वॉक हवा असेल तर ससेक्समधले दोन सुचवते. एक म्हणजे बर्विक स्टेशनपासून ऑल्फ्रिस्टनमार्गे ककमिअर हेवन, म्हणजे ककमिअर नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, दुसरा ॲरन नदीकाठाने ॲम्बर्ली ते अरंडेल. माझं मत आधीच सांगून टाकते, गुडघे धड असतील आणि आदल्या दिवशी पाऊस झाला नसेल तर ककमिअरच करा. भारतातून आई-बाबा आलेत, लहान मुलं सोबत आहेत, तर मात्र डोळे झाकून अरंडेल.

ककमिअरचा वॉक बारा ते पंधरा किलोमीटर होतो, शेवटी किती भटकता त्यावर. बर्विकला ट्रेन बऱ्याचदा लुईसला बदलावी लागते. शेतांतून ऑल्फ्रिस्टनला पोचलात की क्लर्जी हाऊस चुकवू नका. चौदाव्या शतकातलं गवती छपराचं घर, 1896 साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने फक्त 10 पौंडांना घेतलं, आणि ही त्यांनी विकत घेतलेली पहिली इमारत. आत हॉलची जमीन नीट बघा, आपल्याकडे शेणाने सारवायचे तशी इथे खडू ठोकून ठोकून बसवलाय आणि वर आंबट दुधाचा हात दिलाय. मला तर त्या जमिनीवरून हलावंसंच वाटत नाही.

तिथून नदीकाठाने लिटलिंग्टन, पलीकडच्या उतारावर 1924 मध्ये खडूत कोरलेला पांढरा घोडा दिसतो, मग चढ-उतार करत वेस्टडीन, आणि तिथून जंगलातल्या त्या लांबलचक पायऱ्या. इथे दम लागतो हे खरं, पण वर पोचलात की झाडी एकदम संपते, समोर चकमकीच्या दगडांची बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडे खाली ककमिअरची ती फोटोत बघितलेली वळणं. गंमत म्हणजे त्या वळणांतून आता नदी वाहतच नाही, 1846 मध्ये शेजारून सरळ कालवा खणला आणि पाणी तिकडून समुद्राला जातं, वळणांत नुसतं साचलेलं पाणी उरलंय. तरी बघत राहावंसं वाटतं.

खाली एक्सीटला उतरलात की समुद्र अजून दोनेक किलोमीटर. अंगात जोर असेल तर सेव्हन सिस्टर्स या समुद्राकाठच्या पांढऱ्या कड्यांची पहिली टेकडी चढून या, पण कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाऊ नका प्लीज, खडू खालून पोखरलेला असतो आणि कडे खरंच कोसळतात. परतीला एक्सीटहून 12 नंबरची बस सीफर्डला, तिथून ट्रेन.

ॲम्बर्ली-अरंडेलचं तसं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून थेट ट्रेन, अरंडेल त्याच लाइनवर पुढचं स्टेशन, म्हणजे येताना-जाताना डोक्याला ताप नाही. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सपाट. ॲम्बर्ली गाव स्टेशनपासून थोडं उलट्या दिशेला आहे म्हणून लोक सोडून देतात, तसं करू नका, गवती छपरांची इतकी घरं एकत्र फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. मग नॉर्थ स्टोक, झुलत्या पुलावरून साऊथ स्टोक (त्या पुलाला गुरखा ब्रिज म्हणतात), आणि नदीकाठाने ब्लॅक रॅबिट पब, तिथे पाण्याच्या कडेला बसून जेवता येतं. पुढे अरंडेलचा किल्ला, मूळ 1067 चा. शेवटी एक अख्खं शहर मिळतं, चहा, टॉयलेट, बसायला जागा, आई-बाबा बरोबर असले की हे फार महत्त्वाचं. पण टेकडीवरचा वारा आणि ते मोकळं गवताळ माथं इथे जवळजवळ मिळत नाही, डाउन्स आपण खालूनच बघत जातो, आणि मला डाउन्सला जायचं ते त्या माथ्यासाठीच.

चिखलाचं दोन्हीकडे आहे. ॲरनच्या काठावर हिवाळ्यात पाणी भरतं, चिखल बुटाला धरून बसतो. ककमिअरला ओला खडू भयंकर निसरडा, उतारावर साध्या स्पोर्ट शूजमध्ये जाऊच नका. म्हणून नोव्हेंबर ते मार्च दोन्ही टाळलेले बरे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ककमिअर, कारण तेव्हा खडूच्या गवतावर निळी फुलपाखरं असतात. वाटेत गुरांच्या कुरणातून जाताना फाटक लावून घ्या. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार.

ककमिअर केलात आणि रात्री ब्रायटनला राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी पॅचमच्या वरच्या टेकडीवर ‘छत्री’ नावाचं स्मारक बघून या. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या हॉस्पिटलांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला तिथेच ते उभं आहे, 1921 पासून. गाडी तिथपर्यंत जात नाही, मेंढ्यांच्या कुरणातून चालतच जावं लागतं.