जून ते दिवाळी आयफोन एसई: फोन मुका करणाऱ्या एका खटक्यापायी लिहिलेला अभिप्राय

अपडेट झाल्यावर दुसऱ्याच सकाळी माझ्या अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. वॉरंटी संपून फार काळ झाला नव्हता, पण संपली होती, आणि सेवा केंद्रात पडदा बदलण्याचा जो खर्च सांगण्यात आला तो फोनच्या मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता. दोष अपडेटचा नसून पॅनेलचा आहे, असे तिथले उत्तर. ते पॅनेलही आपल्याच कंपनीने बसवले होते ना, हा माझा प्रश्न. या प्रश्नाला शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही आणि मी रेघेसकट फोन घरी आणला.

भाचीने नवा फोन घेतल्यामुळे तिचा जुना आयफोन एसई, म्हणजे २०२० मधला दुसऱ्या पिढीचा, कपाटात पडून होता. ‘मामा, दुरुस्तीला पैसे घालण्याआधी हा वापरून तर बघ,’ असे ती म्हणाली आणि मला ती कल्पना आवडली. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. उन्हाळी सुट्टी संपून जून २०२५ मध्ये कोर्टे उघडली तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हाच फोन वापरायचा आणि त्याच्यावर शक्यतो एक रुपयाही खर्च करायचा नाही, असे ठरवले. ४.७ इंची पडदा, १४८ ग्रॅम वजन, ए१३ चिप, १८२१ एमएएच बॅटरी, मागे एकच कॅमेरा आणि ५जी नाही, ही माहिती वाचकांना असेलच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. भारतात हा फोन ४२,५०० रुपयांपासून विक्रीला आला होता. त्या किमतीला मी तो कधीच घेतला नसता, हेही आधीच सांगून टाकतो.

तात्पुरता फोन बदलणाऱ्याची खरी अडचण जाताना नसते, परतताना असते. व्हॉट्सअ‍ॅपचा आयफोनवरचा बॅकअप आयक्लाउडवर जातो आणि अँड्रॉइडवरचा गुगल ड्राइव्हवर, आणि या दोघांचे परस्परांशी बोलणे नाही. म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅप हलवलेच नाही. या आयफोनमध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसते, दुसरे ई-सिम करून घ्यावे लागते. प्रयोगासाठी तेवढा खटाटोप नको, म्हणून पक्षकारांकडे असलेला क्रमांक आयफोनमध्ये घातला आणि ज्या घरगुती क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप आहे तो हिरव्या रेघेच्या फोनमध्येच ठेवून तो फोन घरच्या वायफायवर सोडून दिला. आयफोन हे ‘लिंक केलेले उपकरण’ म्हणून जोडले. मूळ फोन चौदा दिवसांपेक्षा जास्त काळ वापराविना राहिला तर जोडणी तुटते, एवढे लक्षात ठेवले की झाले. असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांनी हा मार्ग जरूर अवलंबावा.

यूपीआयने मात्र पहिला आठवडा त्रास दिला. अँड्रॉइडवर पडताळणीचा एसएमएस अ‍ॅप स्वतःच पाठवते. आयफोनवर संदेशाची खिडकी उघडते आणि ‘पाठवा’चे बटण आपल्याला दाबावे लागते. याबद्दल तक्रार नाही, उलट आपल्या नावाने कोणी परस्पर संदेश पाठवत नाही हे बरेच आहे. परंतु उपकरण बदलले म्हणून माझ्या बँकेने सुरुवातीच्या काळासाठी व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवर आणून ठेवली आणि नेमके त्याच वेळी कार्यालयाचे भाडे द्यायचे होते. ते धनादेशाने दिले. घरमालकांना पुष्कळ दिवसांनी माझी सही पाहायला मिळाली.

आता मूळ विषयाकडे येतो. या फोनच्या डाव्या कडेला, आवाजाच्या बटणांच्या वर, एक बोटाच्या पेराहूनही लहान खटका आहे. तो मागे सरकवला की नारिंगी रंगाची बारीक पट्टी दिसते आणि फोन मुका होतो. पुढे आणला की पुन्हा वाजू लागतो. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून तो तिथे आहे, त्यामुळे आयफोन वापरणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटत नाही. मला मात्र जून महिन्यातच असे वाटू लागले की मी आजवर या एका खटक्याविना कोर्टात कसा वावरत होतो.

हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगतो. कोर्टात फोन बंद ठेवता येत नाही आणि चालूही ठेवता येत नाही. बोर्डावर आपले प्रकरण कितवे आहे हे कळते, पण त्याचा पुकारा केव्हा होईल हे आधीच्या प्रकरणातली उलटतपासणी किती लांबते यावर अवलंबून असते. तोवर आपण दुसऱ्या कोर्टात तारीख घेत असतो, नकलांच्या विभागात उभे असतो किंवा बार रूममध्ये चहा घेत असतो, आणि ‘पुकारा झाला, लगेच या’ हा कनिष्ठ सहकाऱ्याचा फोन त्या वेळी ऐकू आलाच पाहिजे. कोर्टाच्या दारातून आत पाऊल टाकताच तोच फोन मुका झाला पाहिजे, आणि बाहेर येताच पुन्हा बोलका. हे दिवसभरात अनेकदा घडते आणि कोणत्याही वेळापत्रकात बसत नाही. त्यामुळे अँड्रॉइडमधली ठरावीक वेळेला आपोआप शांत होण्याची सोय, जिचे माझे मित्र मोठे गुणगान करतात, ती माझ्या उपयोगाची नाही. कार्यालयात ठरलेल्या वेळी बैठका होणाऱ्यांना ती पुरत असेल.

अँड्रॉइडमध्ये पर्याय नाहीत असे नव्हे. आवाजाचे बटण दाबून पडद्यावर येणाऱ्या घंटेच्या चिन्हाला स्पर्श करता येतो. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून फोन गप्प करण्याची सोय आहे. पिक्सेल फोन पालथा ठेवला की शांत होतो. मी यातले पहिले दोन्ही प्रकार वर्षानुवर्षे वापरले आहेत. परंतु या सगळ्यांत एक उणीव समान आहे: फोन या क्षणी वाजणारा आहे की मुका, हे त्याच्याकडे पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. न्यायाधीशांसमोर उभे राहून, साक्षीदाराचा जबाब चालू असताना, खिशातून फोन काढून पडदा उजळवणे हे फोन वाजण्याइतकेच वाईट दिसते. खटक्याचे तसे नाही. कोटाच्या खिशात हात घातला की अंगठ्याला तो कोणत्या बाजूला आहे ते कळते आणि जीव शांत राहतो. मुका असताना होणारी थरथरही सेटिंगमध्ये बंद करता येते, जे लाकडी टेबलावर फोन ठेवणाऱ्याने अवश्य करावे. मात्र घड्याळातला गजर खटका मागे असला तरी वाजतो, आणि एखाद्या संपर्काला ‘इमर्जन्सी बायपास’ दिला असेल तर त्याचा फोनही वाजतो. ही सवलत मी घरच्यांनाही दिली नाही, यावरून घरात थोडी नाराजी झाली.

जुलैअखेरीस माझे मत काहीसे बदलले. फोन भाचीचा आहे, पडून फुटायला नको, म्हणून घरात असलेले एक जाड रबरी कव्हर त्याला घातले. त्या कव्हरच्या खाचेत खटका इतका खोल गेला की तो नखाने उचकटावा लागे आणि अंगठ्याने अंदाज घेण्याची सगळी गंमत नाहीशी झाली. खटक्याचा दुसरा दोष कव्हरशी संबंधित नाही: तो आपणहून पुढे येत नाही. अँड्रॉइडमध्ये तासाभरासाठी शांतता मागितली तर तासाने फोन स्वतःच बोलू लागतो. इथे संध्याकाळी घरी आल्यावरही फोन मुकाच राहतो आणि पक्षकार दुसऱ्या दिवशी विचारतात, ‘वकीलसाहेब, फोन का उचलत नाही?’ त्या आठवड्यात मी अभिप्राय लिहिला असता तर तो बराच रुक्ष झाला असता. पुढे कव्हर काढून टाकले आणि कोर्टाच्या आवारातून बाहेर पडताना, गाडीची किल्ली काढण्याआधी, खटका पुढे सारण्याची सवय हाताला लागली. ऑगस्टपासून ती चुकलेली नाही.

बॅटरीबद्दलचे मतही असेच बदलावे लागले. दुपारच्या सुट्टीपर्यंत निम्मीहून अधिक बॅटरी संपत असल्याने हा प्रयोग याच कारणाने बुडणार असे मी धरून चाललो होतो. नंतर लक्षात आले की आमच्या जुन्या दगडी इमारतीच्या आतल्या दालनांत रेंज फारच क्षीण असते आणि सिग्नल शोधण्यातच फोनची शक्ती जाते. कोर्टाला सुट्टी असलेल्या दिवशी तोच फोन रात्रीपर्यंत पुरत असे. कमी वीज वापरण्याची पद्धत सकाळीच चालू ठेवल्यावर कामाच्या दिवशीही तो पाच वाजेपर्यंत तग धरू लागला. पाच वर्षांच्या जुन्या बॅटरीकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

खर्चाचे म्हणाल तर एक रुपयाचाही खर्च न करण्याचा नियम दोन ठिकाणी मोडला. घरात सगळ्या केबल टाइप-सीच्या आणि या फोनला लागते लायटनिंग. भाचीची केबल टोकाशी उसवलेली होती, ती नवी घ्यावी लागली. दुसरा खर्च अधिक खुपला. माझ्या प्लॅनमध्ये ५जी डेटा अमर्याद आहे, पण तो ५जी फोनवर. ४जी फोनवर रोजची मर्यादा लागू होते आणि दीर्घ सुनावणीचे थेट प्रक्षेपण पाहिले की ती संध्याकाळपूर्वीच संपते. तेच पैसे भरायचे आणि कमी डेटा घ्यायचा, त्यावर वरून डेटाचे व्हाउचर! हे मला शेवटपर्यंत पटले नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. कागद स्कॅन करण्याची सोय ‘नोट्स’मध्येच असल्यामुळे वेगळे अ‍ॅप लागत नाही आणि पीडीएफ स्वच्छ निघते. निकालपत्रे वाचायला पडदा अपुरा आहे. रात्रीच्या छायाचित्रांसाठीची खास सोय या मॉडेलमध्ये नाही, मला ती नको होती. सप्टेंबरमध्ये आलेले आयओएस २६ या फोनलाही मिळाले, आणि त्यानंतर पडद्यावर कोणतीही रेघ उमटली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत फोन परत केला आणि नव्याच्या शोधाला लागलो तेव्हा कळले की ज्या वस्तूमुळे मी आयफोन घेण्यापर्यंत आलो होतो, ती अ‍ॅपलने काढून टाकली आहे. २०२३ मध्ये १५ प्रोवर खटक्याच्या जागी अ‍ॅक्शन बटण आले, २०२४ मध्ये १६ च्या सर्व फोनवर, आणि एसईची जागा घेणाऱ्या १६ई वरही तेच. खटका असलेला शेवटचा फोन म्हणजे आयफोन १५. अ‍ॅक्शन बटण दाबून ठेवले की फोन मुका होतो हे खरे, परंतु बटण दाबून सोडले की पुन्हा होते तसेच दिसते आणि होते तसेच लागते. खिशातल्या अंगठ्याला त्यातून काहीच समजत नाही.

अँड्रॉइडमध्ये ही परंपरा वनप्लसने २०१५ पासून चालवली होती. त्यांचा खटका तीन टप्प्यांचा: वर मुका, मध्ये कंपन, खाली आवाज. पण तिथेही २०२५ च्या १३एस आणि नॉर्ड ५ वर त्याची जागा प्लस की नावाच्या बटणाने घेतली. म्हणून मी मुद्दाम २०२४ चा नॉर्ड ४ घेतला. त्याला खटका आहे, दोन सिम आहेत, ५जी आहे, टाइप-सी आहे, आणि मॉडेल जुने झाल्यामुळे दुकानदाराने किंमतही बरीच उतरवली. सोबत कव्हर फुकट देत होता. त्याची खटक्याजवळची खाच तपासली, ती पुरेशी रुंद नव्हती, आणि कव्हरऐवजी तेवढे पैसे कमी करून घेतले.